‘डोकं धरा आणि उरका’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या राजेंद्रनगरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय: "डोळे तपासताना दुखत नाही. घाबरणारे नाटक करतात. समजावत बसलं की भीती वाढते. घरच्यांनी डोकं घट्ट धरावं, दोन मिनिटांत काम होतं." इंदूरमधल्या तीन ओळखीच्यांनी मला तो पाठवला, म्हणून लिहिते आहे.

दुखत नाही, हे बहुतेक वेळा खरं. पण माझी आत्या डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला होती. २ तारखेच्या रात्री मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि डोळ्यांची आग आग झाली. आता बाहुली मोठी करायचे थेंब चुरचुरले, समोरचं धूसर झालं आणि खोलीत अंधार केला, की तिच्यासाठी तीच रात्र उभी राहते. दुखण्याचा संबंधच नाही.

नाटक? डोळ्याजवळ काही आलं की पापणी आपोआप मिटते. ते कुणाच्या हिमतीवर नसतं.

डोकं धरण्याचा सल्ला मात्र घातक आहे. एका दवाखान्यात मदतनिसानं न सांगता मागून येऊन आत्याचं डोकं यंत्राला टेकवून धरलं. ती उठली, चपला न घालताच बाहेर आली आणि पुढं सहा वर्षं डोळे दाखवले नाहीत. आमच्या आजीला, म्हणजे आत्याच्या आईला, काचबिंदू होता आणि तो घराण्यात उतरू शकतो. तो बहुधा न दुखता नजर खातो, गेलेली नजर परत येत नाही. शिवाय धरून ठेवलेला माणूस श्वास रोखतो, पापण्या आवळतो, त्यानं डोळ्याचा दाब आहे त्याहून जास्त भरतो. म्हणजे जबरदस्तीनं केलेली तपासणी चुकीचीही ठरू शकते.

दोन मिनिटांचं म्हणाल, तर बाहुली मोठी व्हायलाच वीस-तीस मिनिटं लागतात.

आणि समजावल्यानं भीती वाढते, हे उलटंच आहे. पुढं काय होणार हे कळलं, थांबवायचं आपल्या हातात असलं, की अंग सैल पडतं. काय घडलं होतं ते डॉक्टरांना सांगायलाच हवं असं नाही. "चेहऱ्याला हात लावण्याआधी सांगा, मी हात वर केला की थांबा" एवढं पुरे. दार थोडं उघडं ठेवायला सांगता येतं. डोळ्याचा दाब मोजताना सोडतात तो हवेचा झोत नको असेल तर दाब मोजायच्या दुसऱ्या पद्धती आहेत, विचारा. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाई असावी, हा स्त्री रुग्णाचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. हे मागताना ओशाळू नका.

मागच्या महिन्यात आत्या पुन्हा गेली. मी शेजारी बसले होते, तिला दिसेन अशी. तिनं दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा डॉक्टरबाई थांबल्या. तिसऱ्यांदा आत्या स्वतःच म्हणाली, "हं, करा आता."