तो कुठेही अडकलेला नाही

शेजारच्या काकूंचा धाकटा मुलगा घोडबंदर रोडवर बाईकच्या अपघातात गेला, त्याला आज सोळा दिवस झाले. वय २४. पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नवव्या दिवशी एक मेसेज आला. तुम्हालाही आला असेल, सगळीकडे फिरतोय: अपघातात गेलेल्याचा आत्मा अडकतो. पिंडाला कावळा शिवला नाही तर गती नाही. आत्म्याचं वजन २१ ग्रॅम, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. मेल्यावर चौऱ्याऐंशी लाख योनी पुन्हा पहिल्यापासून. आणि तरुण वयात मरण येतं ते मागच्या जन्मीच्या पापामुळेच. खाली ‘गीता व गरुडपुराण’, आणि अकरा जणांना पाठवा.

रात्री साडेदहाला काकू मोबाइल घेऊन आल्या. “तू संस्कृत शिकवतेस ना, हे खरं आहे का गं?” तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितेय.

२१ ग्रॅमचं आधी संपवते. अमेरिकेतल्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरने मरणाच्या दारातले सहा रुग्ण काट्यावर ठेवले आणि १९०७ साली ते छापलं. हा आकडा मिळाला एकाच्या वेळी. दोन मोजण्या त्याने स्वतःच बाद केल्या, बाकीच्या एकमेकींशी जुळल्या नाहीत. याला सिद्ध होणं म्हणत नाहीत. शिवाय गीता आत्म्याला अव्यक्त आणि अचिंत्य म्हणते. तो काट्यावर कसा येईल?

कावळ्याचं मी डोळ्यांनी पाहिलं. दशक्रियेला पिंड मांडला, कावळे समोरच्या भिंतीवर येऊन बसले, खाली एकही उतरेना. मोठा भाऊ हात जोडून म्हणाला, “आईला मी बघतो, तू काळजी करू नकोस.” तरी नाही. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. ही पळवाट त्यांनी ऐनवेळी काढली नव्हती, पूर्वापार चालत आलेली रीत आहे. कावळा न शिवल्याने कुणाची गती कायमची खुंटत असती, तर दर्भाचा कावळा आलाच नसता.

अपघाती मृत्यूबद्दल मेसेज अगदीच खोटा नाही, अर्धा आहे. गरुडपुराणात अपमृत्यू (अकाली, अपघाती मरण) आणि प्रेतत्व (गती न मिळता अडकून राहणं) यांचं वर्णन आहे, ते मी नाकारणार नाही. पण त्याच पुराणात नारायणबळी, म्हणजे अशा मृतांना गती मिळावी म्हणून करायचा विधीही आहे, तो मेसेजमधून गळला. घरातलं कॅलेंडर काढून बघा: पितृपक्षातल्या चतुर्दशीला ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’, म्हणजे शस्त्राने, अपघाताने गेलेल्यांचं श्राद्ध, असं छापलेलं असतं. अशा मरणाने गेलेल्यांना परंपरेने पितरांच्या रांगेतून बाहेर काढलेलं नाही, वर्षातला एक दिवस त्यांच्या नावावर ठेवलाय.

‘पुन्हा पहिल्यापासून’ हे वाचून मला सर्वांत वाईट वाटलं, कारण नेमका हाच प्रश्न अर्जुनाने सहाव्या अध्यायात विचारलाय. वाटेतच ज्याची साधना तुटली, तो फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का? श्रीकृष्ण त्याला ‘तात’ म्हणतो, बापाने लेकराला म्हणावं तसं, आणि सांगतो की चांगलं करणारा कुणीही दुर्गतीला जात नाही. तो चांगल्या घरी जन्म घेतो, आधीच्या देहात कमावलेली बुद्धी त्याला परत मिळते आणि तिथून तो पुढे जातो. काकूंचा मुलगा दर रविवारी वरच्या मजल्यावरच्या आजोबांना हात धरून मासुंदा तलावावर फिरवून आणायचा. ते कमावलेलं पुसलं जातं असं गीता कुठेही म्हणत नाही.

राहिलं पाप. कर्माचा सिद्धांत मी मानते. पण ‘गहना कर्मणो गतिः’, कर्माची गती कळायला अवघड, हेही गीतेचंच वाक्य आहे. दुसऱ्याच्या मागच्या जन्माची खातेवही उघडून त्याच्या आईला वाचून दाखवायचा अधिकार कुणी कुणाला दिला? बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग भर सभेत याज्ञवल्क्य ऋषींना विचारतो, माणूस मेल्यावर कुठे जातो? याज्ञवल्क्य म्हणतात, बाळा, तुझा हात दे. हे आपण दोघांनीच जाणायचं, लोकांत नाही. दोघं बाजूला जातात, आणि तिथे जे बोलतात ते कर्माबद्दलच.

काकूंना मी काल एवढंच वाचून दाखवलं, त्यांचा हात हातात घेऊन. मेसेज अजून ग्रुपवर आहे. ज्यांनी टाकला त्यांनी तो आज काढावा, आणि जमलं तर पहिल्या मजल्यावर जाऊन काकूंपाशी दहा मिनिटं बसावं.