फेकणं-झेलणं आपोआप येतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर लांबणार आहे, म्हणून वेगळं लिहिते. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. पळणं, उडी, लंगडी, फेकणं, झेलणं, किक मारणं ही मूलभूत कारक कौशल्यं प्राथमिक शाळेत रीतसर शिकवायला हवीत आणि फिटनेस चाचण्यांचा सोस कमी करायला हवा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं: हे सगळं वयाप्रमाणे येतंच, आमच्या पिढीला कोण शिकवायला आलं होतं? आता खेळालाही क्लास लावून मुलांचं उरलंसुरलं मोकळेपण घालवू नका. खरा प्रश्न दमसासाचा आहे, त्याला रोज चार फेऱ्या पळवलं की झालं. शिवाय अभ्यासाचा वेळ कुठून आणायचा? आणि शेवटी, जाता जाता, तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलंत: मोबाइल काढून घेतला, मैदानावर पाठवलं, तरी तो कडेलाच उभा राहतो.

मला ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे येतेच.

आधी ‘वयाप्रमाणे येतंच’ याबद्दल. बसणं, उभं राहणं, चालणं बरंचसं तसं येतं, हे मान्य. पण फेकण्याकडे नीट बघा. तीन-चार वर्षांचं मूल समोर तोंड करून, दोन्ही पाय जागच्या जागी ठेवून, नुसत्या कोपरातून चेंडू ढकलतं. पुढे पाऊल टाकायला लागतं, पण ज्या हाताने फेकायचं त्याच बाजूचं. त्याच्या पुढच्या टप्प्यात विरुद्ध बाजूचं पाऊल पुढे येतं, मग कंबर वळते, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी चाबकासारखा सुटतो. प्रत्येक जण या शेवटच्या टप्प्याला पोचतोच असं नाही. कितीतरी मोठी माणसं मधल्याच टप्प्यावर अडकलेली असतात, कारण मधे कोणी ‘दुसरा पाय पुढे टाक’ म्हणालंच नाही. लोगन आणि सहकारी संशोधकांनी 2012 मध्ये मुलांना ही कौशल्यं शिकवून पाहिलेल्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं. ज्या मुलांना पद्धतशीर शिकवलं, त्यांची कौशल्यं सुधारली. जी मुलं मोकळी खेळत होती किंवा शाळेच्या नेहमीच्याच कार्यक्रमात होती, त्यांच्यात तेवढ्या काळात म्हणावा तसा फरक पडला नाही.

तुमच्या पिढीला कोणी शिकवलं नाही, हेही मला पटत नाही. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र खेळायची. आठ वर्षांचा मुलगा बारा वर्षांच्या मुलाचं फेकणं रोज बघायचा, चुकला की त्याची बोलणी खायचा, पुन्हा फेकायचा. ते शिकवणंच होतं, आणि उत्तम शिकवणं होतं. आताच्या वर्गात सगळे एकाच वयाचे, खेळाचा वेळ मोजका, आणि बघून शिकावं असं मोठं कोणी आसपास नाही. आणखी एक विचारते. प्रत्येक खेळात एखादा कच्चा लिंबू असायचा. तो पुढे खेळत राहिला का? मैदान गाजवलेली मुलं आपल्याला आठवतात, हळूहळू यायची बंद झालेली आठवत नाहीत.

आता दमसास. तुमची काळजी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2016 मध्ये जगभरातली 11 ते 17 वयोगटातली 81 टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. 20 मीटर शटल रनच्या (20 मीटर अंतरात वाढत्या वेगाने ये-जा पळण्याच्या चाचणीच्या) निकालांवरून 19 देशांतल्या मुलांचा 1981 ते 2014 या काळातला दमसास तपासला गेला, तेव्हा तो सुमारे सात टक्क्यांनी उतरलेला दिसला. बहुतेक घसरण 2000 च्या आधीची आहे, पण त्यानंतर तो फारसा वर आलेला नाही. प्रश्न खरा आहे. फेऱ्या हा त्याचा इलाज आहे असं मात्र मला वाटत नाही. रोजच्या चार फेऱ्यांत पुढची तीन-चार मुलं रोज तीच असतात आणि शेवटची तीन-चारही तीच. शेवटून पहिला येणारा मुलगा त्यातून एकच गोष्ट पक्की शिकतो: पळणं आपल्यासाठी नाही. शिवाय कित्येक शाळांत फेऱ्या ही शिक्षा म्हणून देतात. ज्याची शिक्षा होते, त्याची आवड कशी लागेल?

संघटनेची 2020 ची शिफारस 5 ते 17 वयासाठी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचालीची आहे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणाऱ्या हालचालींची. रोजचा एवढा वेळ फेऱ्यांनी भरत नाही, खेळाने भरतो. आणि खेळात टिकून राहायला हाताला चेंडू लागावा लागतो.

म्हणूनच मी कौशल्याला आधी धरते. स्टॉडन आणि सहकारी संशोधकांनी 2008 मध्ये मांडलेलं प्रतिमान (मॉडेल) हेच सांगतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपण भारी खेळतो असं वाटतं, प्रत्यक्षात येत असो वा नसो, त्यामुळे ते करत राहतं. हे वय सोन्यासारखं आहे आणि ते आपण वाया घालवतो. आठ वर्षांच्या पुढेमागे मूल स्वतःची इतरांशी तुलना करायला लागतं आणि त्याला स्वतःचं खरं चित्र दिसतं. ज्याला येतं तो आणखी खेळतो, त्याचा दमसास वाढतो, म्हणून आणखी खेळतो. ज्याला येत नाही तो कडेला सरकतो, त्याचा दमसास उतरतो, आणि परत यायची वाट आणखी अवघड होते. ऑस्ट्रेलियात लिसा बार्नेट आणि सहकाऱ्यांनी तीच मुलं काही वर्षांनी पुन्हा तपासली. लहानपणी ज्यांचं फेकणं, झेलणं, किक मारणं चांगलं होतं, ती किशोरवयात जास्त सक्रिय होती आणि त्यांचा दमसासही बरा होता.

मुलींच्या बाबतीत तर हे फार जपायला हवं. मुलगे आणि मुलींमधली सगळ्यात मोठी तफावत फेकण्यात दिसते, तीही वयात येण्याच्या बरीच आधी, जेव्हा उंची, वजन, ताकद यांत फारसा फरक नसतो. त्यातला मोठा वाटा कोणाच्या हातात चेंडू किती वेळा येतो याचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

क्लासबद्दल तुमची भीती मला पूर्ण समजते. सात वर्षांच्या मुलाला एकाच खेळाला जुंपणं, निवड चाचण्या, पदकं, हे मलाही नको आहे. मी मागते ती दहा-पंधरा मिनिटं. माझ्या वर्गात एक मुलगी होती. चेंडू सुटला की तिची मान बाजूला वळायची, डोळे मिटायचे आणि हात ताठ पुढे यायचे. चेंडू छातीवर आपटायचा, म्हणून पुढच्या वेळी मान आणखी वळायची. तिला ‘घाबरू नकोस’ म्हणून काही उपयोग नव्हता. आम्ही फुग्यापासून सुरुवात केली. फुगा सावकाश येतो, लागत नाही, हात कुठे न्यायचे ते ठरवायला वेळ देतो. मग मोठा स्पंजचा चेंडू, त्यावर खडूने आकडे काढलेले. झेलायचं राहू दे, येताना कुठला आकडा दिसला तेवढं सांग. आकडा वाचायला डोळे उघडे राहिले, मान समोर आली, आणि कोपरं आपसूक वाकायला लागली. लहान चेंडू बऱ्याच उशिरा आला. फेकण्यातही असंच एक आहे: सुरुवातीला ‘नेम धर’ म्हणू नका, ‘भिंतीवर जोरात फेक’ म्हणा. नेम धरायला सांगितलं की मूल आखडतं आणि नुसत्या हाताने फेकतं. जोर लावायचा म्हटलं की पाऊल पडतं, कंबर वळते. नेम मागून येतो.

अभ्यासाच्या वेळेचं थोडक्यात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, त्र्वा-रिव्हिएरला, 1970 च्या दशकात प्राथमिक शाळेत रोज एक तास शारीरिक शिक्षण देऊन पाहिलं. इतर विषयांचा वेळ त्यापायी कमी झाला, तरी मुलं अभ्यासात मागे पडली नाहीत.

आता तुमचा मुलगा. तो कडेला उभा राहतो याचं कारण आळस किंवा मोबाइल असेलच असं नाही. त्याला खेळता येत नाही हे त्याला कळलेलं असू शकतं, आणि चारचौघांत ते दिसू नये म्हणून तो उभा असेल. त्याला आत्ता मैदानावर ढकलू नका. घरी, कोणी बघत नसताना, तुम्ही दोघंच चेंडू घ्या. त्याला हमखास झेलता येईल एवढ्याच अंतरावर उभे राहा आणि तिथून वाढवत न्या. सोबत इतर गोष्टींकडेही लक्ष ठेवा. बुटाची नाडी, शर्टाची बटणं, कात्री, अक्षर, जिना उतरणं यांतही तो वयाच्या मानाने बराच मागे असेल, सारखा धडपडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शाळकरी वयातल्या साधारण पाच ते सहा टक्के मुलांना हालचालींच्या समन्वयाचा विकासात्मक दोष असतो. त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या मदतीने, नेमकी तीच कामं सरावात घेऊन, चांगला फरक पडतो. अशा मुलांना ‘वेंधळा’ म्हणून सोडून दिलं की फार नुकसान होतं.

या आठवड्यात एवढंच बघा: चेंडू येताना त्याचे डोळे उघडे असतात का, आणि फेकताना कुठलं पाऊल पुढे पडतं. इथेच कळवा, पुढचं त्यावरून सांगते.