‘क्लेम लागेपर्यंत डॉक्टरकडे जाऊ नका’ हा सल्ला घात करतो

माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, मजकूर साधारण हाच: डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम लागेपर्यंत मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाऊ नका, शिक्का बसतो. मेडिकल बोर्डाने ‘नाना’, म्हणजे आजाराचा सेवेशी संबंध नाही, असं लिहिलं की विषय संपला. अपील टाकलं असेल तर उत्तर येईपर्यंत गप्प बसा, फार तर रोज फोन करा. झोप येत नसेल तर दोन पेग घ्या. आणि फौजीला टेन्शन येत नसतं. अपशिंगे मिलिटरीसारख्या घरटी फौजी असलेल्या गावांतही हा निरोप पोचतो आणि माणसं तो पाळतात. म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

‘डॉक्टरकडे गेलात तर क्लेम बाद’

डिसॅबिलिटी पेन्शन मुख्यतः दोन प्रश्नांवर ठरते: आजार किंवा इजा सेवेमुळे झाली किंवा सेवेने वाढली का, आणि टक्केवारी किती. ही उत्तरं सेवा सोडताना झालेल्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर असतात. मुदत संपून आलात तर रिलीज मेडिकल बोर्ड, आजारामुळे घरी पाठवलं असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्ड. तुमचा क्लेम गुडघ्याचा किंवा कानाचा असेल, तर झोपेसाठी डॉक्टरला भेटल्याने त्यातला एक टक्काही कमी होत नाही.

उलट बोर्डाच्या फॉर्मात एक प्रश्न छापलेलाच असतो: या व्यक्तीने उपचार किंवा शस्त्रक्रिया नाकारली आहे का, असल्यास कारण काय? म्हणजे कागद कच्चा होतो तो उपचार टाळल्याने. क्लेमच मानसिक आजाराचा असेल तर हे आणखी लागू पडतं. अपिलात पुन्हा बोर्ड बसलं तर ओपीडीच्या चिठ्ठ्या, गोळ्यांचे डोस आणि तारखा समोर ठेवता येतात. मधली दोन वर्षं कोरी असतील तर हातात तुमचा शब्द तेवढा उरतो.

शिक्क्याची भीती खोटी नाही, गावात लोक बोलतातच. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये मानसोपचाराचं रेफरल मागा. तिथे नुसतं ‘टेन्शन आहे’ म्हणू नका, डॉक्टरला त्यातून काही धरता येत नाही. जाण्याआधी दोन आठवडे वहीत रोज दोन ओळी लिहा: ‘अकराला आडवा. दोन दहाला जाग, घाम. चारपर्यंत जागा. दिवसा दोनदा घरात आवाज चढला. लग्नातल्या फटाक्यांना दचकून बाहेर पडलो.’ दहा मिनिटांच्या ओपीडीत हे पान अर्ध्या तासाचं काम करतं.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात आणि मळमळ, पोट बिघडणं हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतात. त्यामुळे अनेक जण दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळी सोडतात. तसं करू नका. त्रास झाला तर डॉक्टरला सांगून डोस बदलून घ्या. बरं वाटू लागल्यावरही गोळी एकदम तोडायची नाही.

‘नाना आलं, संपलं’

‘नाना’ म्हणजे आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही, असा बोर्डाचा शेरा. हे पत्र हातात पडतं त्या दिवशी आपली सगळी नोकरीच नाकारली गेली असं वाटतं. त्या दिवशी क्लेमसाठी कुणालाही फोन करू नका आणि अपीलही लिहायला बसू नका. पत्राची तारीख आणि लिफाफ्यावरचा शिक्का जपून ठेवा. पहिल्या अपिलासाठी सहा महिने असतात. आठवडाभराने शांत डोक्याने कागद उघडलात तर काही बिघडत नाही.

धर्मवीर सिंग प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरायचं, आजार सेवेमुळे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणं लिहिली पाहिजेत. म्हणून आधी बोर्डाची पूर्ण प्रत मिळवा. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. दाद लागली नाही तर माहिती अधिकारात मागा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रतीत तीन जागा पाहायच्या. भरतीच्या वेळची नोंद. पोस्टिंगचा तक्ता: फील्ड, हाय अल्टिट्यूड, आणि त्रास पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात. आणि कारणांचा रकाना. तिथे ‘प्रकृतीतलाच आजार’ अशा अर्थाचा एखादाच शब्द असेल, तर अपिलाचा मुख्य मुद्दा तोच.

एक सावधगिरी घ्या. 21 सप्टेंबर 2023 नंतर सेवा सोडली असेल तर त्या वर्षीचे नवे नियम लागतात. ग्रुपवर आलेलं जुनं अपील नाव बदलून पाठवू नका.

‘गप्प बसा, मिळेलच’

सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, 2007 प्रमाणे अपिलावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे जाता येतं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं पीठ आहे. उशीर झाला असेल तर कारण देऊन तो माफ करण्याचा अर्ज सोबत जोडता येतो, पण पैशाचा हिशेब वेगळा. तरसेम सिंग प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच ठेवली, आणि तो दाखला पुढे वारंवार दिला गेला. दहा वर्षं गप्प बसलेल्या माणसाची सात वर्षं अशी हातची जाऊ शकतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अपंग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत देण्याची तरतूद 1987 च्या कायद्यातच आहे.

‘रोज फोन करा’

फोनची नोंद राहत नाही, आणि प्रत्येक ‘बघतो’ नंतर तुमचा सगळा दिवस त्या एका शब्दाभोवती फिरत राहतो. एकच तक्रार चार ठिकाणी टाकली तर प्रत्येक ठिकाणचं उत्तर दुसरीकडे बोट दाखवतं. आधी फाइल कुठे आहे ते शोधा: रेकॉर्ड ऑफिसात (मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला) की प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात. जिथे आहे तिथेच महिन्यातून एकदा लेखी विचारणा, मागच्या पत्राचा क्रमांक घालून. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र गेलं तर त्याची प्रत मागून घ्या.

क्लेमसाठी आठवड्यातला एक वार आणि एक तास ठरवा. ‘स्पर्श’ हे पेन्शनचं सरकारी पोर्टल त्या तासातच उघडायचं. मधे कधीही विचार आला तर वहीत टिपून त्या तासावर ढकला. सुरुवातीला जमत नाही, पंधरा दिवसांनी जमू लागतं.

‘दोन पेग घ्या’

दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते. पहाटे तीनला छाती धडधडत जाग येते ती बऱ्याचदा त्यामुळेच. झोपेच्या गोळीसोबत दारू घेतली तर श्वासच मंदावू शकतो. मात्र कित्येक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने आज अचानक बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, फीट येऊ शकते. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडा.

‘फौजीला टेन्शन येत नाही’

सैन्य स्वतः तसं मानत नाही. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास कक्ष सैन्यदलांसाठी सुरू झाला तो याचसाठी. माजी सैनिक आणि घरच्यांसाठीही 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे, मोफत आणि चोवीस तास.

घरच्यांनी एक गोष्ट लगेच करावी. बँकेत किंवा कंपनीत गार्डची नोकरी करणाऱ्या अनेक माजी सैनिकांच्या घरी परवान्याची बंदूक असते. माणूस ‘माझ्यामागे तुम्हाला पेन्शन तरी मिळेल’ असं बोलू लागला, वस्तू वाटू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नका. जीव द्यावासा वाटतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, आणि बंदूक व काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. बरं वाटल्यावर ती परत आणता येते.