ओटीटी काढताय? आधी प्रतिस्पर्धी पसंत करा

मुंबईत बसून स्ट्रीमिंग अ‍ॅप काढायचं ठरवलंत? छान. आधी चांगल्या मालिका बनवा असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आधी प्रतिस्पर्धी नीट पारखून घ्या, कारण पुढे संसार त्याच्याशीच करायचा आहे.

मग लिलावात उतरा. जून 2022 मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क एकूण 48,390 कोटींना गेले. भारतातला टीव्ही डिस्ने स्टारने 23,575 कोटींना घेतला, डिजिटल व्हायाकॉम18 ने 23,758 कोटींना. एवढ्या महागाचा माल विकायचा कितीला? फुकट! व्हायाकॉम18 च्या जिओसिनेमाने 2023 चा अख्खा हंगाम तसाच दाखवला, मराठी समालोचनासकट. डिस्ने स्टारचा हॉटस्टार तरी कसा मागे राहील? त्यानेही त्याच वर्षीचा विश्वचषक मोबाइलवर फुकट सोडला. प्रेक्षक वाढला की बँडविड्थचं (व्हिडिओ इंटरनेटवरून पोचवण्याचं) बिल वाढतं, जाहिरातदार मात्र ठरलेल्या बजेटच्या बाहेर सहसा जात नाही. फार तोटा झाला की घाबरू नका, बोलणी सुरू करायचा मुहूर्त तोच.

नोव्हेंबर 2024 मध्ये दोघं एकत्र आले, नव्या कंपनीचं मूल्य 70,352 कोटी. 14 फेब्रुवारी 2025 ला जिओहॉटस्टार अवतरलं (तारीख निवडणाऱ्याला दाद द्या). त्यानंतरच्या आयपीएलला लगेच पैसे. तेही अगदी तोंडावर मागायचे नाहीत, रिचार्जमध्ये मिसळायचे.

फक्त खुर्चीचं आधी ठरवा. सोनी मालाडला, झी लोअर परळला, दोघांची लोकल एकच. डिसेंबर 2021 मध्ये विलीनीकरणाचा करार झाला, ऑगस्ट 2023 मध्ये एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाने मंजुरी दिली, आणि नव्या कंपनीचा प्रमुख कोण यावर घोडं अडलं. जानेवारी 2024 मध्ये सोनीने करार मोडला, वर 9 कोटी डॉलर मागितले. ऑगस्टमध्ये दोघांनी एकमेकांवरचे दावे मागे घेतले. वकिलांचा मात्र हंगाम चांगला गेला.

लग्न जमत नसेल तर मोबाइल कंपनीच्या प्लॅनमध्ये शिरा. सदस्यसंख्या फुगते, गुंतवणूकदार खूश होतात. दर घाऊक मिळतो, बिल त्यांच्या नावाने निघतं, ग्राहक त्यांचाच राहतो. करारात मिनिमम गॅरंटी, म्हणजे काहीही झालं तरी मिळणारी किमान रक्कम, लिहून घ्या. नाहीतर ज्यांनी अ‍ॅप उघडून लॉगिन केलं तेवढ्यांचेच पैसे हातात पडतील, आणि करार संपला की ही सगळी मंडळी एका रात्रीत गायब होतील.

प्रेक्षकाची काळजी करायचं कारण नाही. प्राइम व्हिडिओने जून 2025 पासून जाहिराती घातल्या आणि त्या काढायचे वर्षाला 699 रुपये ठेवले. हा धडा गिरवून ठेवा. वार्षिक प्लॅन विकताना पोस्टरवर परदेशी मालिकांचे चेहरे मोठे छापा, हक्क कधी संपतात ते छापू नका. मार्च 2023 च्या अखेरीस एचबीओ या अमेरिकन वाहिनीच्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या आणि जिओसिनेमावर उगवल्या. दोन्हीकडे वर्गणी भरणारेही निघाले.