वहीच्या पानासारख्या निमंत्रणाबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

आपण दोन स्टार देऊन लिहिलंय की दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यासाठी आमच्याकडून वहीच्या पानासारखी वर्डची फाईल करून घेतली, त्याचे ३०० रुपये दिले, आणि घरी नावं टाकल्यावर अक्षरं रेघांवरून घसरली. ग्रुपवर पाठवली तर रेघाच गायब, प्रिंट काढली तर रेघा तुटक. शिवाय असल्या फाइली इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि फोन केला तर आम्ही नुसतं ‘दुकानात या’ म्हणालो. प्रत्येक गोष्टीचं कारण वेगळं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. असली पानं करून घ्यायला शाळांमधून बरेच जण येतात, त्यांनाही हे वाचून उपयोग होईल.

आधी घसरलेल्या अक्षरांचं बोलू. कागदाच्या वहीत रेघ आधी असते आणि आपण तिच्यावर लिहितो. वर्डमध्ये रेघ आणि अक्षर यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते. रेघा आम्ही पानाच्या हेडरमध्ये (मजकुरापासून वेगळ्या, प्रत्येक पानावर येणाऱ्या भागात) ठेवल्या आहेत, म्हणजे टाइप करताना त्या हलत नाहीत आणि दुसरं पान उघडलं की तिथेही आपोआप येतात. मजकूर त्यांच्यावरून स्वतंत्रपणे धावतो. दोघांची गाठ पडते ती फक्त मापामुळे. आपल्या फाईलमध्ये दोन रेघांमधलं अंतर २४ पॉइंट आहे, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. मजकुराची ओळसुद्धा ‘एक्झॅक्टली’ (म्हणजे अक्षर कितीही मोठं असलं तरी न बदलणाऱ्या) २४ पॉइंटवर बांधलेली आहे आणि पॅराग्राफच्या आधी-नंतरची जागा शून्य. अशा ३० ओळी ए-फोरवर बसतात आणि वर शाळेच्या नावासाठी जागा उरते. हे माप असंच घेतलेलं नाही. रेघा ८ मिलिमीटरवर मारल्या आणि ओळ अंदाजाने २२ पॉइंट ठेवली, तर पहिल्या दोन-तीन ओळी ठीक दिसतात. पण ८ मिलिमीटर म्हणजे २२.६८ पॉइंट, त्यामुळे तिसाव्या ओळीपर्यंत जवळजवळ एक अख्खी ओळ मागेपुढे झालेली असते. फाईल देताना आम्ही दोन्ही पानं शेवटच्या रेघेपर्यंत भरून दाखवली होती, ती याचसाठी.

आता आपणच जोडलेला फोटो मोठा करून बघा. वरचा मजकूर, ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’पर्यंत, रेघेवर नीट बसलाय. बिनसतं ते नावांच्या यादीपासून. आणि नुसती जागाच बदललेली नाही. वरच्या मजकुरातला ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत, यादीतले हिंदी वळणाचे. म्हणजे ती नावं आमच्या फाईलमध्ये टाइप झालेली नाहीत, दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेली आहेत. चिकटवलेला मजकूर बऱ्याचदा आपला फॉन्ट आणि ओळींची मापं बरोबर घेऊन येतो. वर्ड २०१३ पासून नव्या कोऱ्या फाईलमध्ये प्रत्येक पॅराग्राफनंतर ८ पॉइंट जागा आपोआप सुटते, आणि यादीत प्रत्येक नाव म्हणजे एक पॅराग्राफ. मग रेघ नावाच्या पोटातून जाणारच.

उपाय दोन मिनिटांचा आहे. पेस्ट करताना राइट क्लिक करून ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ घ्या. आधीच चिकटवलं असेल तर फक्त यादी सिलेक्ट करा, पॅराग्राफच्या खिडकीत ‘लाइन स्पेसिंग’ला ‘एक्झॅक्टली’ २४ टाका, ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ शून्य करा, आणि फॉन्ट वरचाच द्या. फॉन्ट आम्ही फाईलमध्येच एम्बेड केलेला, म्हणजे आत बसवलेला आहे, वेगळा शोधायला लागणार नाही. एक मात्र सांभाळा: पानाच्या अगदी वरच्या भागात डबल क्लिक करू नका. हेडर उघडतो आणि मग रेघा खरोखरच हाताने ओढल्या जातात.

ग्रुपवर रेघा गायब झाल्या, कारण तिथे वर्डची फाईल गेली. मोबाईलवरचं वर्ड ‘मोबाईल व्ह्यू’मध्ये असलं की फक्त मजकूर दाखवतं, हेडर दाखवत नाही. ‘प्रिंट लेआउट’ केलं की रेघा दिसतात, पण वर्गातल्या सगळ्यांना ते कोण सांगत बसणार? म्हणून फाईल देतानाच आपल्याला म्हटलं होतं की ग्रुपवर पीडीएफ पाठवा. वर्ड आणि पीडीएफ अशा दोन्ही फाइली आपल्या पेनड्राइव्हवर आहेत. खरं तर आमचं मत नुसती पीडीएफ करावी असंच होतं. नावं अजून वाढणार म्हणून वर्डच पाहिजे, हा आग्रह आपला होता, आणि तो चुकीचा होता असंही नाही. फक्त नावं वाढली की पीडीएफ पुन्हा काढावी लागते. ‘सेव्ह ॲज’मध्ये प्रकार बदलला की झालं.

तुटक रेघांचं कारण प्रिंटर. रेघा फिकट निळ्या आहेत आणि समासाची उभी रेघ लाल, जशा आपल्याला हव्या होत्या. ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटरकडे फिकट निळ्यासाठी वेगळी शाई नसते. तो काळे बारीक ठिपके विरळ मारून तो रंग भासवतो. जाड पट्टी असेल तर ते खपून जातं, बारीक रेघेत ठिपके सुटे सुटे दिसतात. रंगीत प्रिंट काढा किंवा रेघा काळ्या करून घ्या. काळ्या रेघांमध्ये वहीची मजा थोडी जाते, हे मान्य.

फुकट फाइलींबद्दल. मिळतात, आणि इंग्रजीसाठी चांगल्याही असतात. त्यातल्या बऱ्याच अमेरिकन लेटर मापाच्या असतात, त्यांची उंची ए-फोरपेक्षा १८ मिलिमीटरने कमी. आपल्या कागदावर खाली मोकळी पट्टी राहते. अमेरिकेतल्या कॉलेजच्या वहीत दोन रेघांमध्ये ७.१ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे जेमतेम २० पॉइंट. त्यात इंग्रजी सुखाने मावतं. आपल्याकडे डोक्यावर वेलांटी, तिच्यावर रफार, खाली उकार. १६ पॉइंटमध्ये ‘कीर्ती’ टाइप करून ओळ ‘एक्झॅक्टली’ २० वर बांधून बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये रफाराचं टोक कापलं जातं. दहावीच्या वर्गशिक्षिकांचं नाव असं डोकं छाटून छापलेलं चाललं असतं का? उकार मात्र आमच्या फाईलमध्येही रेघेच्या खाली उतरतो. तो तसाच पाहिजे, वहीत हाताने लिहितानाही उतरतो. ३०० रुपये या मापांचे, दोन पानांच्या मांडणीचे आणि तीन वेळा बदललेल्या मजकुराचे आहेत. ते परत मिळणार नाहीत.

फोनवर ‘दुकानात या’ म्हटलं ते टाळण्यासाठी नव्हे. ‘अक्षरं घसरली’ एवढ्यावरून नेमकं काय झालंय हे कळत नाही, फाईल उघडून बघावी लागते. आज फोटो दिसला म्हणून इतकं लिहिता आलं. ॲडमिशनचे दिवस आहेत, काउंटरवर झेरॉक्सची रांग असते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान आलात तर निवांत बसून बघता येईल.

नावं बसवून नवी पीडीएफ काढून देऊ, त्याचे पैसे नाहीत. घरच्या प्रिंटरसाठी काळ्या रेघांची वेगळी प्रतही त्यातच देऊ. रंगीत प्रिंट आमच्याकडून हव्या असतील तर त्यांचा दर नेहमीचाच, आणि एक नमुना बघून मगच बाकीच्या काढू. येताना पेनड्राइव्हवरची मूळ फाईल आणा, मोबाईलवर उघडून पुन्हा सेव्ह केलेली नको. गुरुवारी दुकान बंद असतं. आणि शक्यतो यादी फायनल झाल्यावरच या, मागच्या वेळी आपण दारातून परत फिरून दोन नावं वाढवली होती.