कूलरची लाज कोणाला वाटावी?

नमस्कार भाऊ,

मागच्या लेखात मी नवतपातल्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतल्या, दुपारी कूलरसमोर बसून आंब्याच्या रसासोबत सरगुंडे (काडीवर वळलेल्या कणकेचे) खाण्याचं सुख लिहिलं. त्यावर तुम्ही लिहिलंत : "बाहेर 45 डिग्रीत बाया रानातला काडीकचरा वेचतात अन् तुम्ही सुखाचे गोडवे गाता. गाडगेबाबांच्या मुलखात हे शोभत नाही. मजुरी किती देता ते लिहा आधी."

मजुरीचं शेवटी लिहिते. आधी लाजेचं.

माझ्या नवऱ्यानं मोटारसायकल घेतली तेव्हा पायी चालणाऱ्यांची आठवण त्याला कोणीच करून दिली नाही. गावानं पेढे खाल्ले. घरात मिक्सर आला तेव्हा मात्र सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना पाटा-वरवंटा आठवला. बाईनं दुपारी आडवं होऊ नये, हे ऐकतच आम्ही मोठ्या झालो. पाहुणा आला की पंख्याखालून उठायचं, जशी काही चोरी पकडली गेली. म्हणून कोणी "लाज वाटू द्या" म्हटलं की मी आधी पाहते, ती कोणाच्या पदरात टाकली जाते.

आता त्या वेचणाऱ्या बायांबद्दल. आमच्याकडे कामाला येणाऱ्या एकीनं यंदा हप्त्यानं कूलर घेतला. "आता रातच्यानं लेकरं बिनघोर झोपतात जी ताई," असं सांगताना तिचा चेहरा फुलला होता. तिनंही लाजायचं का? तिच्याहून गरीब कोणीतरी असेलच, त्या माणसाहूनही कोणी असेल. तुमच्या हिशेबानं सगळ्यात शेवटच्या माणसालाच सुखाचा घास घेता येईल, अन् त्याच्याजवळ तर घासच नाही.

"बरं झालं, आपण तिच्यासारखे उन्हात नाही," असलं समाधान मलाही नको. ते दुसऱ्याच्या घामावर मोजलेलं सुख. अकोल्यातल्या नातेवाइकांकडे एसी आहे म्हणून आपल्या कूलरकडे तोंड वाकडं करून पाहणं, हा त्याचाच दुसरा प्रकार. मोजायचंच नाही. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी असते म्हणून वाळ्याच्या ओल्या ताटीतून येणारा वारा गार होतो. पाऊस लागून हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिक करतो. जे आहे ते इतक्याच दिवसांचं. ते नीट भोगावं. ताटी बदलून देणारा पोरगा, रात्रीच्या लाइटसाठी खांबावर चढणारा वायरमन, विहिरीचं पाणी, यांची आठवण त्या गारव्यातच येते. मान खाली घालून बसलं की फक्त स्वतःचीच आठवण येते.

(पाण्याबद्दल विचारलं असतं तर मला जड गेलं असतं. कूलर बादल्याच्या बादल्या पितो आणि मे मध्ये आमच्या विहिरीचा तळ दिसतो.)

गाडगेबाबांचं म्हणाल, तर 1876 साली आपल्याच अमरावती जिल्ह्यात, शेंडगावला जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्या घालून हिंडला, हे खरं. पण कीर्तनातून जमलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. कशाला? थकल्या-भागल्या माणसाला सावली मिळावी, पाठ टेकता यावी म्हणून. पाठ टेकणाऱ्याला लाजवण्यासाठी नव्हे. त्यांनी लोकांना दरडावलं ते घाण, दारू, कर्ज काढून केलेले सण आणि देवापुढे कापलेले बकरे यांवरून.

आता मजुरी. तुमचा हा प्रश्न रास्त आहे आणि कूलर बंद करून तो सुटत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे काम पहाटे लागतं आणि ऊन चढायच्या आत सुटतं, तरी रोज (दिवसाची मजुरी) पूर्ण. पण गावात बाईचा दर माणसापेक्षा कमीच चालतो. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला, तरी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) तो कोणी ऐकलेला नाही. दोघांना सारखा रोज द्यायचा म्हटलं की बाकीचे शेतकरी भाव बिघडवला म्हणून भांडायला येतात. तुमच्या गावात निंदणाचा बायांचा रोज किती आणि माणसांचा किती, तेवढं कळवा. पुढचा लेख त्यावरच लिहायचा आहे.