कॉन्सर्ट सुटल्यावर

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे नवी मुंबईतले तीन आणि अहमदाबादचे दोन कार्यक्रम जानेवारी 2025 मध्ये होऊन गेले, तरी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा वाद काही मिटत नाही. विषय ठरलेले: ब्लॅकमध्ये गेलेली तिकिटं, रात्री दहाला बंद होणारा लाऊडस्पीकर आणि पंतप्रधानांनी त्याच महिन्यात उच्चारलेली ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’, म्हणजे अशा कार्यक्रमांवर चालणारं अर्थकारण. मी लंडनला राहते, म्हणून दर वेळी मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. “तू सांग, तिकडे असं असतं का?”

तिकिटांचं उत्तर सोपं आहे. असतं. 2024 मध्ये ओएसिस या बँडच्या तिकिटांसाठी तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबलेल्यांना शेवटी अपेक्षेपेक्षा कितीतरी चढा भाव दिसला आणि इथल्या स्पर्धा नियामकाला चौकशी लावावी लागली. लोभाला व्हिसा लागत नाही.

दहाच्या नियमाबद्दल मी बोलले की ग्रुपवर लोक चिडतात, कारण मी नियमाच्या बाजूची आहे. 14 जुलै 2012 ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘बीटल्स’ बँडच्या पॉल मॅकार्टनीला मंचावर बोलावलं. ठरलेली साडेदहाची वेळ उलटून गेली होती, तर आयोजकांनी सरळ आवाज तोडला. खुद्द बीटलचा! महापौर बोरिस जॉन्सन यांनी जाहीर नाराजी दाखवली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आपल्याकडे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. ते दिवस गणपती-नवरात्रात खर्ची पडतात, मग रॉकवाल्यांना काय मिळणार, ही तक्रार मला कळते. तरी नेरूळमध्ये स्टेडियमशेजारी राहणाऱ्या माणसाने कार्यक्रमाचं तिकीट काढलेलं नसतं, हे विसरून कसं चालेल?

मला भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर: कार्यक्रम सुटल्यावर एवढी माणसं घरी कशी जातात? ही गोष्ट ग्रुपवर कुणी काढतच नाही.

त्याच स्प्रिंगस्टीनला मी जुलै 2024 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमला पाहिलं. चौऱ्याहत्तरीचा माणूस तीन तासांच्या आसपास गात होता, दोन गाण्यांमध्ये दम घ्यायलासुद्धा थांबत नव्हता. बँड निघून गेल्यावर शेवटचं गाणं त्याने एकट्याने गिटारवर म्हटलं. माझ्या शेजारचे आजोबा रडत होते, आणि खरं सांगायचं तर मीही. पण मला थक्क केलं ते पुढच्या तासाने. एवढा प्रचंड जमाव एकदम बाहेर पडला आणि रुंद रस्त्यावरून वेम्बली पार्क स्टेशनकडे निघाला. स्टेशनच्या तोंडाशी माणसं तुकड्या-तुकड्याने आत सोडत होते. एक घोळका आत गेला की पुढचा थांबवायचा. गाड्या एकामागून एक येत होत्या. कुणी कुणाला ढकललं नाही. त्या रांगेत लोक गातसुद्धा होते, बेसूर.

ही शिस्त गोऱ्या लोकांच्या रक्तात असते, असं आमच्या ग्रुपवरच्या एका मित्राचं मत आहे. त्याने ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमबद्दल वाचावं. 2 जानेवारी 1971 ला फुटबॉलचा सामना संपवून घरी निघालेली माणसं तिथल्या एका जिन्यावर चेंगरली आणि 66 जण गेले. मैदानांना सुरक्षा-प्रमाणपत्राची सक्ती करणारा 1975 चा कायदा त्यानंतर आला. आणि 2021 च्या युरो फुटबॉल फायनलला याच वेम्बलीत बिनतिकिटांचे लोंढे दारं फोडून घुसले होते. म्हणून रक्ताचं जाऊ द्या.

कायदा मुरला की काय होतं, ते सप्टेंबर 2025 मध्ये दिसलं. कोल्डप्लेचे वेम्बलीतले दहा कार्यक्रम ठरलेले, त्यात लंडनच्या ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, संप जाहीर झाला. ट्यूब नसेल तर 82,000 माणसं सुखरूप आणता-नेता येणार नाहीत, म्हणून 7 आणि 8 तारखेला परवानाच मिळणार नव्हता. बँडने दोन्ही कार्यक्रम दुसऱ्या तारखांना हलवले. परवाना अडला तो परतीच्या गाडीवर!

आपल्याला हे जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये. कोल्डप्लेसाठी अहमदाबादची मेट्रो मध्यरात्रीनंतरपर्यंत चालवली गेली, रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या. मुंबईला तर गर्दी वाहून नेण्याचा रोजचाच सराव आहे. प्रश्न एवढाच, की ही सोय परवान्याची अट असते की ऐन वेळी कुणीतरी दाखवलेली मेहरबानी? 4 जून 2025 ला बंगळूरमध्ये क्रिकेट संघाच्या विजयोत्सवाच्या वेळी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 माणसं चेंगरून मेली. तिथे मंच होता, संघ होता, उत्साहही होता. दारं आणि रस्ते किती माणसांना पुरतील याचं गणित मात्र नव्हतं.

तेव्हा पुढच्या मोठ्या बँडची तारीख जाहीर झाली की तिकिटांच्या भावावरून जरूर भांडा. पण त्याआधी आयोजकांना आणि पोलिसांना विचारा, की साडेदहाला पन्नास हजार माणसं कुठल्या दारातून, कुठल्या गाडीने जाणार, आणि ते परवान्यात लिहिलंय का.